दहावीच्या वर्षी बसवलेली छत्री

लेक दहावीत गेली आणि शाळा उघडायच्या दोन दिवस आधी मी घरावर फ्री डिशची छत्री बसवली. 2024 चा जून सरत आला होता. आर्द्राचा पाऊस रात्रभर पडून गेला होता, गावात पेरणीची घाई होती, आणि आमच्या स्लॅबवर फिटरभाऊ मोबाइलमधलं होकायंत्र धरून आग्नेय शोधत होता. शेजारच्या काकू खालून म्हणाल्या, "काऊन वं, पोरगी दहावीत अन् तू छत्री बसवतं? लोकं तं असलं ते काढून ठेवते."

खरंच ठेवतात. आमच्याकडे दहावी-बारावीच्या वर्षी टीव्हीवर चादर पडते, रिचार्ज बंद होतो, काही जण तर टीव्ही उचलून मामाच्या घरी नेऊन ठेवतात. मी उलटं केलं, आणि विचार करून केलं. आता वर्ष झालं, निकालही लागला. म्हणून ही छत्री कशी निघाली आणि मी ती का घेतली, दोन्ही सांगते. ज्यांची पोरं आठवी ते बारावीत आहेत आणि जे गावात राहतात, त्यांच्यासाठी मुख्यतः लिहिते आहे.

आधी वस्तूबद्दल. फ्री डिश ही प्रसार भारतीची सेवा. 2004 च्या डिसेंबरात ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. महिन्याचा रिचार्ज नाही, कार्ड नाही, फोन करून चालू करून घ्यायची भानगड नाही. बाजारातून छत्री, बॉक्स आणि वायर आणायची, एकदा बसवायची, झालं. मला छत्री, एलएनबी (छत्रीसमोर बसणारा, सिग्नल पकडणारा भाग), बॉक्स, वीस मीटर वायर आणि फिटरची मजुरी धरून 1,850 रुपये पडले. आमच्या गावात कापूस घरात यायच्या आधीचे दोन-तीन महिने बहुतेक घरांतले रिचार्ज संपलेले असतात. त्या महिन्यांतही ही छत्री चालू राहते, हा तिचा मोठा गुण.

सिग्नल जीसॅट-15 या उपग्रहावरून येतो. तो 93.5 अंश पूर्वेला आहे, म्हणून आमच्या वर्धा जिल्ह्यातून छत्रीचं तोंड आग्नेयेकडे आणि बरंच वर करावं लागतं. त्या बाजूला उंच झाड नको. आमच्या अंगणात कडुलिंब नेमका तिथेच आहे. झाड तोडू म्हणणारे दोघे भेटले, पण फिटरभाऊने छत्री सरळ जिन्याच्या टोपीवर नेली आणि कडुलिंब वाचला. तालुक्याच्या बसस्टँडमागे त्याचं छोटं दुकान आहे. सहा महिन्यांनी एका वादळात वीज कडाडली आणि बॉक्सचा अ‍ॅडॅप्टर जळला, तेव्हा तो पंचवीस किलोमीटरवरून आला आणि पैसे फक्त अ‍ॅडॅप्टरचे घेतले. बॉक्स कुठल्या कंपनीचा आहे ते मी लिहीत नाही, कारण त्याच्या रिमोटची बटणं तीन महिन्यांत बसली आणि दुसरा रिमोट घ्यावा लागला. घेताना एवढंच बघा की बॉक्स एमपीईजी-4 चा, म्हणजे नव्या प्रकारचा सिग्नल वाचणारा आहे. जुन्या प्रकारचा बॉक्स स्वस्त मिळतो, पण त्यावर काही वाहिन्या दिसत नाहीत.

पाऊस धो-धो लागला की चित्र फुटतं. हे सगळ्याच छत्र्यांचं होतं, फक्त आमच्या छत्रीचं नाही. आणि आभाळ एवढं भरून आलं की लाइटही जाते, तेव्हा त्याचं फार मनावर घेऊ नये.

आता मी ती का घेतली ते.

मी पशुधन पर्यवेक्षिका आहे. कारंजा-आर्वीच्या पट्ट्यात श्रेणी-2च्या पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करते. आठ गावं माझ्याकडे. गाई-म्हशींची कृत्रिम रेतनं, कानातले बिल्ले, लाळ्या खुरकूताची लस, पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याची लस, अडलेल्या गाई, शेळ्यांची पोटं. हे काम मी टीव्हीवर पाहून निवडलं. अगदी खरं सांगते, दुसरीकडे कुठे पाहायला मिळालंच नव्हतं.

1996 ची गोष्ट. मी सातवीत होते. आमच्या बाबांकडे चार गवळाऊ गाई होत्या. पांढऱ्या, लांबट तोंडाच्या, चालायला चपळ. हा आमच्याच भागाचा वाण, आणि हेटीकुंडीचं सरकारी फार्म त्याच वाणासाठी आहे. त्याच्या आदल्या वर्षी आमची सगळ्यात गरीब गाय अडून मेली. ढोरडॉक्टरला बोलवायला काका सायकलने गेले होते. ते परत आले तोवर सकाळ झाली होती आणि गाईचे डोळे उघडे राहिले होते. बाबा वावरात गेले नाहीत त्या दिवशी. मायने चूल पेटवली नाही.

टीव्ही गावात दोन-तीन घरीच होता. आम्ही गुरुजींकडे जायचो. ब्लॅक अँड व्हाइट, बांबूवर अँटिना, आणि चित्र हललं की गुरुजींचा मोठा मुलगा छपरावर चढून बांबू फिरवायचा. संध्याकाळी दूरदर्शनवर 'आमची माती आमची माणसं' लागायचं. मोठी माणसं ते पाहायला थांबायची, आणि आम्ही पोरं त्यानंतर काही गाणं-बिणं लागेल म्हणून बसून राहायचो. एका संध्याकाळी त्यात एक बाई दिसली. साडीवर पांढरा कोट, आणि एका हातात खांद्यापर्यंत येणारा प्लास्टिकचा हातमोजा. ती गाईच्या मागे उभी राहून तपासणी करत होती आणि करता करता बोलत होती. गाय शांत होती. बाईही शांत होती. खाली पट्टी आली. तिचं नाव मला आठवत नाही, पण नावाखालचे दोन शब्द आठवतात: पशुधन पर्यवेक्षक.

घरी येऊन मी ते दोन शब्द भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले. त्या दिवसापर्यंत मला 'ढोरडॉक्टर' एवढाच शब्द माहीत होता, आणि ढोरडॉक्टर म्हणजे मोटारसायकलवरचा माणूस. तो बाप्याच असतो, हे कोणी सांगितलं नव्हतं. पण दुसरं कधी दिसलंच नव्हतं. त्या संध्याकाळी दोन गोष्टी एकदम मिळाल्या. बाई हे करते, हे डोळ्यांनी दिसलं, आणि त्या कामाचं नाव कळलं. नाव कळलं म्हणून विचारता आलं. नाहीतर सातवीतली पोर कोणाला काय विचारणार होती? "मले ते गाईच्या मागे उभं राह्याचं काम करायचं आहे," असं?

बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "आपल्या घरच्या पोरी थे काम करत नाही." रागाने नाही म्हणाले, माहिती दिल्यासारखं म्हणाले. मग विज्ञानाच्या सरांना वही दाखवली. सर एका सोमवारी पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात गेले आणि तिथून कागदावर लिहून आणलं: दहावीनंतर दोन वर्षांची पदविका, प्रवेश गुणांवर, अर्ज निकालानंतर लगेच. तो कागद मी तीन वर्षं जपला. दहावी झाल्यावर त्याच कागदावरून अर्ज केला. आमच्या तुकडीत मुली तिघी होत्या.

एवढं लांबण लावलं, कारण या वस्तूकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही ते मी या अनुभवावरूनच मोजते. त्या संध्याकाळच्या पाच मिनिटांनी मला दार दाखवलं. अर्ज कुठे मिळतो, फी किती, जातीचा दाखला कधी लागतो, निवड यादी कशी वाचायची, हे त्या कार्यक्रमात नव्हतं, आणि ते असतं तरी मी सातवीत ते लक्षात ठेवलं नसतं. ते सरांनी केलं. सर नसते तर वहीचं पान रद्दीत गेलं असतं.

आणि टीव्हीवरची गाय शांत होती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका बैलाने लाथ मारून माझं डावं मनगट मोडलं. टीव्हीवर ती बाई रेताची कांडी पाण्यात बुडवताना क्षणभरच दिसली होती. ती कांडी द्रव नायट्रोजनमधून निघते, उणे 196 अंशांतून. पाणी 37 अंशांचं लागतं, अर्धा मिनिट धरायची, आणि गाय सकाळी माजावर दिसली तर रेतन संध्याकाळी करायचं, हे सगळं मला पुढे कोर्सला शिकवलं. पण अडलेल्या गाईजवळ रात्री दोन वाजता कंदिलाच्या उजेडात बसलं असताना कास्तकार तुमच्या तोंडाकडे ज्या नजरेने पाहतो, ते कोणत्याही कोर्सला नव्हतं आणि टीव्हीवरही नव्हतं. 2022 मध्ये लम्पी हा गुरांचा त्वचारोग आला तेव्हा दिवसाला गोठ्यामागून गोठे लस टोचत फिरलो, संध्याकाळी हात उचलत नव्हते. तरीही मला कोणी पुन्हा सातवीत नेऊन बसवलं तर मी तेच दोन शब्द लिहीन.

आता काकूंचं. त्यांच्या बोलण्यात टोचणी होती, पण त्यामागे दुःख होतं, आणि ते मला माहीत होतं. त्यांची नात पोलीस भरतीच्या मागे होती. 26 जानेवारी 2024 ला कर्तव्यपथावर तिन्ही सेनादलांच्या महिलांची एकत्र तुकडी पहिल्यांदा चालली, ती तिने घरच्या टीव्हीवर उभं राहून पाहिली. वर्दीची ओढ आधीपासून होती, त्या दिवशी पक्की झाली. मार्चमध्ये भरतीचा अर्ज भरला. पहाटे चारला उठून तळेगावच्या रस्त्यावर 800 मीटर धावायची, गोळा फेकायची. जूनमध्ये मैदानी चाचण्या सुरू झाल्या. मुलींना उंची 155 सेंटिमीटर लागते. तिची भरली साडेत्रेपन्न. धावायच्या आधीच ती बाहेर निघाली. माझी छत्री बसली ती याच्या आठ दिवसांनंतर, म्हणजे काकूंच्या घरात अजून कोणी नीट जेवत नव्हतं.

त्या पोरीला टीव्हीने फसवलं असं काकू म्हणतात. मला तसं वाटत नाही. पण एक गोष्ट खरी आहे, टीव्हीच्या काचेवर कोणाची उंची कळत नाही. जाहिरातीत ती अट स्पष्ट लिहिलेली असते. ती तिला, तिच्या भावाला, कोणालाच वाचावीशी वाटली नाही, आणि शाळेतही कोणी भिंतीला उभं करून टेप लावली नाही. दोन मिनिटांचं काम होतं. ते मीही केलं नाही, रोज समोरून धावत जाताना पाहत होते तरी. याची मला अजून बोच आहे.

म्हणून छत्री आली त्याच दिवशी मी लेकीला शंभर पानांची एक वही दिली आणि सांगितलं, "बेटा, जे पाहायचं ते पाह्य. पण पट्टीत जे पद दिसेल, ते लिही. नाव नको, पद." आठवड्याला एक पद आम्ही दोघी शोधायचो: शिक्षण काय लागतं, कुठे मिळतं, वय, उंची, नजर, फी. तिच्या अभ्यासाच्या तासांना हात लावला नाही. रात्री जेवताना एक तास टीव्ही, रविवारी दोन.

डीडी किसान या छत्रीवर दिसतं. 26 मे 2015 ला ही वाहिनी सुरू झाली, आणि माझ्यासारख्या घरासाठी तीच सगळ्यात कामाची निघाली. एका संध्याकाळी गुलाबी बोंडअळीवर चर्चा चालू होती. कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग पकडणारा सापळा, कसा लावायचा ते दाखवत होते, आणि बोलणाऱ्या बाईंच्या पट्टीवर कीटकशास्त्रज्ञ आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था, नागपूर असं आलं. लेक एकदम म्हणाली, "आई, हे तर आपल्या नागपूरचं आहे." वाहिनी दिल्लीची, संस्था आपली. ज्या कापसावर आमचं घर चालतं, त्या कापसाची मोठी संशोधन संस्था नागपुरात 1976 पासून आहे. आमच्या गावातली पोरं नागपूरला जातात ती दवाखान्यासाठी, नाहीतर लग्नाच्या बस्त्यासाठी. संत्र्याचंही तसंच. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था नागपुरातच, आणि संत्र्याचे बगीचे आमच्या आर्वी-कारंजात. वहीत त्या महिन्यात कीटकशास्त्रज्ञ, मृदा शास्त्रज्ञ, वनस्पती रोगतज्ज्ञ अशी पदं आली. तिला कळलं की शेती म्हटलं की नांगर धरणं किंवा शहरात पळून जाणं, एवढे दोनच मार्ग नसतात. हे मी तोंडाने दहा वेळा सांगितलं होतं; माझ्या तोंडून ते उपदेशासारखं जात होतं.

या वाहिनीवर मे 2024 पासून कृष आणि भूमी हे एआय निवेदकही आणले आहेत, संगणकाने बनवलेली माणसं. अनेक भाषा बोलतात, थकत नाहीत, माहिती बरोबर देतात. पण माझं मत विचाराल तर पोरांना दाखवायच्या कार्यक्रमात खरा माणूस हवा. त्या हातमोज्यावाल्या बाईच्या कपाळावर घाम होता. तो ब्लॅक अँड व्हाइटमध्येही दिसत होता, आणि म्हणूनच मला वाटलं की हे मलाही जमेल.

शैक्षणिक वाहिन्यांबद्दल थोडक्यात. 2020 पासून पहिली ते बारावी प्रत्येक इयत्तेला एक वाहिनी अशी पीएम ई-विद्याची योजना आहे. त्या केंद्राच्या, म्हणजे एनसीईआरटीच्या पुस्तकांवर चालतात, म्हणून आपल्या बालभारतीच्या धड्यांशी क्रम जुळेलच असं नाही. गणित आणि विज्ञानात एखादी गोष्ट दुसऱ्या शिक्षकाकडून ऐकायची असेल तर बऱ्या. लेकीने रासायनिक अभिक्रिया तिथे दोनदा पाहिल्या. शिकवणीच्या जागी त्या ठेवता येत नाहीत, आणि मी ठेवल्याही नाहीत.

आता ती गोष्ट, जिने आमच्या घरात वर्षभर चर्चा चालवली. लेकीला सहावीपासून 'सीआयडी' आवडतं. 1998 मध्ये सुरू झालेली मालिका, आणि पुन्हा पुन्हा लागणारे तिचे जुने भाग. तिच्या वयाची अख्खी पिढी त्यावर वाढली. तिला दार तोडणारा पोलीस व्हायचं नव्हतं. तिचं लक्ष प्रयोगशाळेत असायचं. "आई, ते पांढरा कोट घालून बाटल्या पाहतात ना, ते कोण?" मी पहिल्यांदा हसण्यावारी नेलं नाही, कारण मला सातवीतली मी आठवले. मी तिला माझ्या दवाखान्यात नेलं.

आमच्याकडे फवारणीच्या दिवसांत जनावरांना विषबाधा होते. औषध लागलेला चारा खाल्ला, नाहीतर फवारणीच्या टाकीतलं पाणी प्यायलं. कधी शेजाऱ्याने मुद्दाम घातलं असा संशय असतो, तेव्हा पोलिसात तक्रार होते. डॉक्टर शवविच्छेदन करतात, मी मदतीला असते. जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे काचेच्या बरण्यांत मिठाच्या संपृक्त द्रावणात घालायचे, झाकण लावायचं, लाखेचं सील, चिठ्ठी, सह्या. तिथून ती बरणी पोलिसांमार्फत न्यायसहायक, म्हणजे फॉरेन्सिक प्रयोगशाळेत जाते. वीस वर्षांत अशा कितीतरी बरण्यांना मी सील लावलं. त्या बरण्या पुढे कोण उघडतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं. लेकीला रिकामी बरणी हातात देऊन मी म्हटलं, "तुझ्या मालिकेतला माणूस ही उघडतो. तिथे अहवाल जाहिरात संपायच्या आत येतो. इथे कास्तकार वाट पाहतो, आणि त्या एका कागदावर त्याची केस उभी राहते." ती बरणी उन्हात धरून खूप वेळ पाहत होती.

मग आम्ही ते पद वहीत घातलं आणि शोधलं. नागपुरात शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. बारावी विज्ञानानंतर पदवी मिळते, म्हणजे अकरावीला विज्ञान घ्यावं लागणार. प्रादेशिक प्रयोगशाळा नागपूरला आहे, अमरावतीलाही आहे. रसायनशास्त्र पक्कं लागतं, जीवशास्त्रही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने गेले, ते तिला नीट आठवत नाही, ती तेव्हा सात-आठ वर्षांची. मी सांगितलं. कोणतं रसायन, किती, कोणत्या मिश्रणाने, हे शोधणारं माणूस आपल्या भागात असणं म्हणजे काय, हे तिला त्या संध्याकाळी कळलं असं मला वाटतं. त्यानंतर तिने वहीत 'सीआयडी' खोडून 'विषशास्त्र' लिहिलं. मालिकेने बोट धरून उंबऱ्यापर्यंत आणलं. पुढचं पाऊल बरणी बघितल्यावर पडलं.

टीव्हीने असं अनेकांना आणलं असणार. 1989 मध्ये दूरदर्शनवर 'उडान' लागायची, आयपीएस अधिकारी होणाऱ्या मुलीची मालिका, कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या आयुष्यावरून त्यांच्या बहिणीने, कविता चौधरी यांनी केलेली. माझी पुलगावची आतेबहीण ती पाहून एनसीसीत गेली आणि पुढे पोलिसात लागली. तिची उंची भरली. पुढे 2004 मध्ये कांचन चौधरी उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, देशातल्या त्या पदावरच्या पहिल्या महिला, तेव्हा ताईने आम्हाला फोन करून सांगितलं होतं, आपल्याच घरात काही झाल्यासारखं.

आणि पदविकेबद्दल एक सांगायचं राहिलं. 23 ऑगस्ट 2023 ला संध्याकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी चंद्रयान-3 उतरलं, तेव्हा लेक नववीत होती. शाळेत सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं होतं. घरी येऊन ती म्हणाली, "आपल्याला नाही जमत ते, तिथे सगळे आयआयटीचे असतील." प्रकल्प संचालक पी. वीरमुथुवेल हे रेल्वेतल्या तंत्रज्ञाचे चिरंजीव, आणि त्यांची सुरुवात मेकॅनिकलच्या पदविकेपासून झाली. मद्रास आयआयटीची पीएचडी नंतरची. टीव्हीने टाळ्या दाखवल्या, ही पायरी मला पेपरात सापडली. आमच्याकडे पदविकेला कमी समजतात, मुलगा पॉलिटेक्निकला गेला की आईबाप आवाज खाली करून सांगतात. मी स्वतः पदविकेवर वीस वर्षं काम केलं आहे, म्हणून हे मोठ्याने लिहिते.

छत्रीला गुण द्यायचे तर पाचपैकी चार. एक गुण बॉक्सचा रिमोट आणि अ‍ॅडॅप्टर यांपायी कमी. वायर घेताना मोजून घ्या, जोड देऊ नका, जोडातून पाणी शिरतं. छत्रीच्या बुडाला चार बोल्ट असतात, वानरं येतात तिथे सहा लावा. आमच्या शेजारच्या गावात वानरांनी दोन छत्र्या फिरवल्या. पावसाळ्याआधी एलएनबीच्या तोंडावरची टोपी तपासा, गांधीलमाशा घर करतात. दुकानदार महिन्याचे पैसे मागू लागला तर देऊ नका, या सेवेला महिन्याचे पैसे नाहीतच.

लेकीला 84 टक्के पडले. 2025 पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन आहे, विज्ञान शाखा भरली आहे, यादीची वाट पाहतो आहोत. काकूंची नात आता वर्ध्याला नर्सिंगला आहे. मागच्या महिन्यात सुटीत आली तेव्हा दोन संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसली, बातम्यांपुरती. जाताना तिने वही चाळली. वहीत 41 पदं आहेत, त्यातली अकरा खोडलेली. पान उलटून ती म्हणाली, "काकू, यात प्रत्येकापुढे उंचीचा रकाना तुम्ही आखला?" मी हो म्हटलं. तिने खिशातला पेन काढला आणि परिचारिकेच्या ओळीत, त्या रकान्यात, 'अट नाही' असं लिहिलं.